राबाचा धूर

तेजस्विनीच्या अंगाखालची दुसरी गोधडीही रक्तानं भिजली, तेव्हा कुसाबाईचं धाबं दणाणलं. सून पहिलटकरीण, दिवस अजून पुरते भरले नव्हते, आणि पोर काही केल्या पुढं सरकत नव्हतं. वस्तीतली कैक बाळंतपणं कुसाबाईनं निभावली होती. हे मात्र आपल्या हातातलं नाही, हे तिला केव्हाच कळून चुकलं होतं.

वस्ती धरणाच्या मधोमध, टेकाडावर. धरण झालं तेव्हा खालचं गाव पाण्यात गेलं आणि वरची ही घरं तेवढी उरली. ये-जा करायला एकच होडी, आणि नेमकी तीच आज इथं नव्हती. चैत्राच्या यात्रेला झाडून सारी वस्ती, तेजस्विनीचा नवरासुद्धा, वणीच्या गडावर गेली होती आणि होडी पार मागच्या काठाला, गडाच्या वाटेवर बांधलेली. कुसाबाईच्या नवऱ्याचा, केरूचा, फोन नुसता वाजत होता. त्या गर्दीत त्याला तो ऐकू तरी कसा येणार म्हणा! मागं राहिल्या होत्या या दोघी सासू-सुना आणि गुडघे धरलेला शेजारचा म्हातारा झुंबर.

अँब्युलन्स आली नव्हती असं नाही. समोरच्या काठावर उभी होती, टपावरचा दिवा गरागरा फिरवत. ड्रायव्हर फोनवर भला वाटला. म्हणाला, मावशी, पेशंटला फक्त काठावर आणा, पुढं मी बघतो. आणा म्हणे! मधलं पाणी म्हणजे काय घरचा ओटा होता? रबरी बोट बंबवाल्यांकडं असते, हेही त्यानंच सांगितलं. तिनं बंबवाल्यांना फोन लावला. उचलणारा म्हणाला, बाळंतपण आमच्याकडं येत नाही, आम्ही आगीला जातो. थोड्या वेळानं तिनं पुन्हा लावला आणि घर पेटलंय म्हणून सांगितलं. त्यानं आवाज ओळखला. आत्ता तर बाळंतपण म्हणत होता बाई, असं म्हणून ठेवून दिला.

सुनेचे ओठ पांढरे पडत चालले होते.

"आत्याबाई, मी मरते का हो?" तिनं सासूला विचारलं.

कुसाबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. मग उठली, मागच्या दारी गेली आणि चाऱ्याच्या गंजीला काडी लावली.

गंजी भडाभडा पेटली. धूर आभाळाला गेला. झुंबर लंगडत आला आणि कपाळाला हात लावून बसला. पावसाळ्यापर्यंत गुरांनी खायचं काय, ते तरी सांग म्हणाला. तिनं ऐकलंच नाही. तिचे डोळे काठाकडं लागले होते. काठावरचं एक माणूस जागचं हललं नाही. तिनं पुन्हा ड्रायव्हरला फोन केला. तो बिचारा गोंधळून म्हणाला की इथली माणसं म्हणतात, बेटावर राब भाजतायत.

कुसाबाईनं मान वर करून पाहिलं आणि तिला रडूच फुटलं. धरणाच्या काठाकाठानं, डोंगराच्या उतारावर, जिकडंतिकडं धूर उठलेला. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायचे हे दिवस. पालापाचोळा पसरायचा, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. उभा जन्म ती स्वतःही हेच करत आली होती. या दिवसांत धुराला विचारतंय कोण!

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि झुंबरला हाक मारली. दोघांनी मिळून तेजस्विनीला बाजेसकट ओढत पाण्याजवळच्या जांभळीखाली नेलं. शेळ्या सोडल्या. मग चुलीतलं जळतं लाकूड घेऊन ती घराकडं वळली, तसा झुंबरनं तिचा हात धरला. ते घर केरूनं हाडाची काडं करून उभारलं होतं.

"राब शेतात भाजत्यात, झुंबरबाबा," ती म्हणाली. "घर कुणी भाजत नाय."

कुडाच्या भिंती धडाधड पेटल्या. देव्हाऱ्यातले देव बाहेर काढावेत, हेही तिला सुचलं नाही. वासे कोसळायला लागले तेव्हा समोरच्या काठावर एकदम पळापळ झाली, माणसांनी फोन कानाला लावले. बंब यायला किती वेळ लागला ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. ती सुनेला हाका मारत होती, आणि सून आता ओ देत नव्हती.

रबरी बोट टेकाडाला लागली. बंबवाल्यांचा म्होरक्या, खंडेराव, पंप आणि पाइप घेऊन घराकडं धावला. कुसाबाई त्याला आडवी आली. आत कुणी आहे का, त्यानं ओरडून विचारलं.

"आत कुणी नाय. माणूस इथं हाय. घर जळू द्या, दादा, हिला न्या."

खंडेरावानं बाजेकडं पाहिलं, मग तिच्या काजळलेल्या हातांकडं पाहिलं. पंप तिथंच खाली टाकला आणि बोटीत बाजेला जागा केली.

सून वाचली, नातही वाचली. वरच्या साहेबांनी आगीचं कारण विचारलं तेव्हा खंडेरावानं राबाची ठिणगी उडाली म्हणून सांगून टाकलं. गडावरून परतलेला केरू राखेकडं एकदा बघून तसाच नातीला बघायला नाशिकला निघून गेला.

पावसाच्या आत वस्तीनं त्याला घर उभारून दिलं. त्याच झपाट्यात पाण्याच्या कडेला आणखी एक छोटं घर बांधलं. काठावरून चांगलं ठसठशीत दिसावं असं. भिंती कुडाच्या, दाराला कडी, आणि आत आढ्यापर्यंत वाळलं गवत. तिथं कुणी राहत नाही, कुणी गुरं बांधत नाही. नवी सून वस्तीवर आली की सासू तिला आधी पाणवठा दाखवते, मग त्या घराकडं बोट करून सांगते, "आणि ती आपली अँब्युलन्स."