काचेवरची रेघ

बहिणीच्या नव्या घराचा फोटो फिल्मवरच काढायचा म्हणून तो समोरच्या फुटपाथवर काळं फडकं पांघरून उभा होता. वडिलांच्या पितळी लेन्समधून कॅमेऱ्यामागच्या काचेवर सहामजली इमारत उलटी लटकत होती, आणि चौथ्या मजल्याच्या गॅलरीत फोन कानाला लावून त्याच्याशीच बोलणारी बहीणही. तिच्या गॅलरीलगत बारीक रेघ दिसत होती. त्याने काच पुसली. रेघ तशीच. तळहातावरच्या फोडासारखी जपलेली काच आज तडकलेली निघू दे, असं देवाला विनवून त्याने कॅमेरा बोटभर फिरवला. इमारत सरकली. तिच्याबरोबर रेघही सरकली. तडा भिंतीत होता आणि लांबत होता. "खाली ये. आत्ता. शेजाऱ्यांनाही आण," तो फोनवर म्हणाला. "थांब रे दादा, केस विंचरते." "नको. आहेस तशीच सुंदर दिसतेस." तीस वर्षांतलं दादाचं पहिलं कौतुक ऐकून ती हबकली आणि शेजाऱ्यांची दारं बडवत अनवाणीच जिना उतरली.