हाक थांबल्यावर

दाराची कडी खट्‌कन वाजली आणि घर पुन्हा शांत झालं.

करंट गेला होता. पंखा थांबलेला, खालच्या घरातला ग्राइंडरही थांबलेला. कनकाबाई फुलं आणायला कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. सुष्मितानं लॅपटॉपवरून मान वर केली. सासूबाई बाहेर पडल्या म्हणून नव्हे, कडी वाजली म्हणून. जमिनीवर पालथी पडून तिची लेक नंदू मासा रंगवत होती. हातातला खडू क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला. मान काही तिनं वर केली नाही.

बरं झालं, सुष्मिताला वाटलं.

पोंगलपर्यंत या कडीची केवढी धास्ती होती! सुष्मिता लॅबला निघाली, कडीला हात लागला, की नंदू असेल तिथून धावत यायची. दार लागल्यावर आतून जो टाहो फोडायची, तो शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू यायचा. अंबत्तूर स्टेशनवर गाडीत चढेपर्यंत सुष्मिताच्या कानात तोच असायचा. मग हळूहळू रडणं आखूड होत गेलं. एका हाकेपुरतं उरलं. आणि एके सकाळी काहीच आलं नाही. सुष्मिता कितीतरी वेळ जिन्यात उभी राहिली होती. ऐकत.

"पाप्पा शहाणी झाली बरीक," त्या संध्याकाळी नंदूला जवळ घेत कनकाबाई म्हणाल्या होत्या. "तिचं खाणंपिणं, निजणं, असकं मी बघते आता. तू तुझी पीएचडी करून घे एकदाची. लेक रडत नाही आणि आईच वळूनवळून बघते, हे काय गं?"

सुष्मिता हसली होती. तिनं मनात आलेखसुद्धा काढला होता. आधी उंच, मग उतरता, मग सपाट.

तसाच आलेख आत्ता तिच्या लॅपटॉपवर होता. तो मात्र उंदराच्या पिल्लांचा. आईपासून वेगळं काढून पिल्लाला छोट्या डबीत ठेवायचं आणि त्याचा आवाज टिपायचा. हा आवाज इतका बारीक असतो, की माणसाच्या कानाला कळतच नाही, यंत्राला कळतो. सुरुवातीला पिल्लू जिवाच्या आकांतानं हाका मारतं. मग कमी. मग थांबतं. सगळ्या पिल्लांचं तेच. प्रकरणाचं शेवटचं वाक्य तिनं लिहून ठेवलं होतं: 'पिल्लाला एकटेपणाची सवय होते.' सरांना ते आवडलं होतं. आता या गप्प झालेल्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी तेवढ्या बघायच्या राहिल्या होत्या. त्यासाठी लागणारा मायक्रोस्कोप बंगळुरूला होता. जायचं तर नंदूला इथं ठेवून, थेट दिवाळीपर्यंत.

फोन वाजला. हरिप्रसाद, तिचा नवरा. रविवार असूनही त्याला आवडी गावातल्या फॅक्टरीत बोलावून घेतलं होतं.

"काय मॅडम, काढू ना बंगळुरूचं तिकीट? का पुन्हा उद्या सांगते म्हणणार?"

"काढ की. कोण नको म्हणतंय?"

"नाही, गाडी सुटताना रडारड नको."

"ती कुठे रडते आता?"

"तिचं कोण बोलतंय? तुझं म्हणतोय मी!"

"पुरे. हे एवढं प्रकरण संपवते आणि फोन करते. मग काढ."

फोन ठेवताठेवता स्टूल फरशीवर करकरत आलं. नंदू त्यावर चढली आणि कोपरं टेबलावर टेकून बसली.

"आई, तुझ्या उंदराचा आवाज लाव ना."

सुष्मितानं एक फाइल उघडली. आवाज पुष्कळ संथ केला, म्हणजे ऐकू येईल. खोलीभर एक शीळ उमटली. बारीक, वर चढत जाणारी. पुन्हा एक. पुन्हा.

"कोण रडतंय?"

"पिल्लू. रडत नाही गं, हाक मारतंय."

"कोणाला?"

"त्याच्या आईला."

नंदूनं गाल लॅपटॉपजवळ नेला. शिळा येत राहिल्या. मग त्यांच्यामधलं अंतर वाढलं. एक आली. बऱ्याच वेळानं आणखी एक, अर्धवट. मग नुसती खरखर. सुष्मितानं फाइल बंद करायला हात पुढे केला, तो नंदूनं धरून ठेवला. ती अजून ऐकत होती. श्वाससुद्धा हळू घेत होती. काहीच आलं नाही तेव्हा तिचा चेहरा एकदम उजळला.

"आई आली त्याची!"

ती डबी सुष्मिताच्या डोळ्यांसमोर आली. झाकण तिनंच लावलं होतं. पिल्लाची आई शेजारच्या पिंजऱ्यात होती, गवत उकरत.

"नाही, कण्णा," ती म्हणाली. "आई नव्हती आली."

बाहेर कडी वाजली. कनकाबाई आल्या असाव्यात. स्टुलावर बसलेल्या नंदूचं सगळं अंग क्षणभर थांबलं. सुष्मिताच्या हातावरची तिची बोटंसुद्धा. मग ती पुन्हा हलली. मान काही तिनं वळवली नाही.

सुष्मितानं ते पाहिलं. या वेळी नीट पाहिलं.

करंट आला. पंखा फिरू लागला, खालचा ग्राइंडर घरघरला. पडद्यावर ते शेवटचं वाक्य तसंच होतं. नंदूनं आईची हनुवटी दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवली.

"आई नव्हती आली, तर मग ते गप्प का झालं?"