धुऱ्याची फाईल

फाईल चढली आणि नकाशावर लाल रेघ उमटली. मयूरीनं चित्र मोठं केलं. इचोड्यातल्या तिच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दोघंच बसले होते, सुधाकरराव आणि त्यांचा पुतण्या लखन. दोघांच्या वावरांमधला धुरा, शेतांमधला सामाईक बांध, आभाळातून कसा दिसतो, हे ते पहिल्यांदाच पाहत होते.

रेघ सरळ निघाली, मधेच लखनच्या वावरात घुसली, पोटासारखी फुगली आणि पुन्हा सरळ झाली.

"हा पांढरा ठिपका काय व्हय?" लखननं पडद्यावर बोट टेकवलं.

"टिनाचं शेड दिसून राह्यलं," मयूरी म्हणाली.

"माया बोरचं शेड हाये ते. रेघेच्या तिकडं कसं गेलं?"

सोमवारी सकाळी सुधाकरराव पंचांसमोर जुन्या रीतीनं धुरा चालले होते. अंघोळ करून, अनवाणी, डोक्यावर वावरातलं ढेकूळ घेऊन. खिशात लखनचा मोबाईल, पाऊल पडेल तशी रेघ नोंदवणारा. माती खोटं चालू देत नाही आणि मोबाईल मागाहून कोणाला फिरू देत नाही, असा दुहेरी बंदोबस्त दोघांनीही खुशीनं मान्य केला होता. लखन आणि पंच पलीकडच्या टोकाला उभे होते. उंच तुरीतून त्यांना दिसलं ते फक्त पुढं सरकणारं ढेकूळ. पुढची अट गावात सगळ्यांना पाठ होती. अमावस्येच्या आत चालणारा आपणहून पडला, त्याचं रक्त सांडलं, तर तो खोटा, आणि धुऱ्यालगतचा पट्टा समोरच्याचा. कोणी मारलं तर ते रक्त त्यात धरत नाहीत.

"डोक्यावर माती घेऊन बोर चोरली, काका?"

"मी धुऱ्यानंच चाललो, लखन. ह्या टीव्हीत असं काऊन दिसून राह्यलं, मले का समजते?"

"तुले बरोबर समजते."

काकाला त्यानं आयुष्यात पहिल्यांदा 'तू' म्हटलं. या घराण्यात शेती वाटून झाली होती, राग मात्र सामाईक होता. लखननं म्हाताऱ्याची मान मागून धरली आणि कपाळ झेरॉक्स मशीनच्या कोपऱ्यावर आदळलं. काच तडकली. त्यानं पुन्हा आदळलं. मयूरी त्याच्या हाताला लोंबकळली, तर त्यानं तिला कोपरानं भिंतीवर फेकलं.

"मुंज्या हाये तिथं!" ती ओरडली. "नीट पाहा ना. पिंपळ दिसून राह्यला तो."

फुगलेल्या रेघेच्या पोटात एक गर्द हिरवा गोळा होता. डोक्यावर माती घेतलेला माणूस मुंज्याच्या सावलीत पाय टाकत नाही, वळसा घालून जातो. आणि सकाळची सावली लांब, लखनच्या वावरात बोरच्याही पुढं जाणारी. पंचांना हे माहीत होतं. लखनलाही माहीत होतं. मोबाईलला माहीत नव्हतं.

लखनचा हात सैल पडला. सुधाकरराव घसरत खाली बसले. भुवईवरून रक्त धोतरावर ठिबकत होतं. लखनला आपल्याच हाताची किळस आली.

काच फुटल्याचा आवाज रस्त्यापलीकडं पंक्चरच्या दुकानापर्यंत गेला होता. तिथून राजकुमार आला, सुधाकररावांचा मुलगा, हातात चाक खोलायचा पान्हा. मागच्या पेरणीला कोणाचा तरी बैल वावरात शिरला, म्हणून त्यानं बैलवाल्याचा हात मोडला होता. हा तर बाप होता.

"कोनं मारलं?" त्यानं विचारलं, पण पाहिलं लखनकडंच.

लखननं तोंड उघडलं. त्याच्या आधी म्हातारा बोलला.

"कोनी नाई. चक्कर आली. पडलो मशीनीवर."

"बाबा, अमावस्या व्हाची हाये अजून."

"माइत हाये."

"मंग समजून बोला. यानं मारलं ना?"

"पडलो म्हनलं ना."

राजकुमार मयूरीकडं वळला. "तू सांग."

मयूरीनं पान्ह्याकडं पाहिलं, मग म्हाताऱ्याकडं. म्हाताऱ्याचे डोळे तिच्याकडं हात जोडल्यासारखे लागले होते.

"पडले," ती म्हणाली.

राजकुमारनं पान्हा उचलला. लखननं डोळे मिटून घेतले. पान्हा पडद्यावर बसला, नकाशा फुटून काळा झाला. मग त्यानं स्टूल लाथेनं उडवलं, ते बापाच्या गुडघ्यावर आदळलं.

"खोटं चालले तुमी," राजकुमार म्हणाला. "साऱ्या गावात तोंड काळं केलं मायं. आता घरी येऊ नका."

तो बापाच्या पायाजवळ थुंकला आणि निघून गेला. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला, दूर गेला. मयूरी दाराआड बसून रडू लागली.

लखन काकासमोर उकिडवा बसला. दुपट्ट्याच्या टोकानं त्यांचं रक्त पुसायला गेला.

"काका, म्या मारलं."

"मले का माइत नाई?" सुधाकररावांनी दुपट्टा त्याच्या हातून काढून घेतला आणि स्वतःच कपाळाला दाबून धरला. "पट्टा तुया झाला. नांगर घालशीन तवा सकायी मुंज्याची सावली तेवढी सोडजो."