पहिली दाढी

"आधी तुम्ही बसा."

"छे छे, तुम्हीच. मला कसली आलीय घाई!"

बाकावरच्या तिघांच्या सौजन्याला नुसता ऊत आला होता. एरवी हेच तिघं नंबरावरून हमरीतुमरीवर यायचे. पण आज न्हावी डाव्या गुडघ्याखाली कृत्रिम पाय लावून पहिल्यांदाच दुकानात उभा होता, आणि हातात वस्तरा होता.

कोपऱ्यात त्याची बायको वर्तमानपत्र वाचत होती. वाचतेय कसली, नुसतं धरून बसली होती. आज गिऱ्हाईक परत फिरलं, तर हा माणूस पुन्हा खाटेवर पडून छताकडे बघत राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी पोस्टमास्तर उठले. झुरळ दिसलं तरी स्टुलावर चढणारा हा माणूस! खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले.

"जपून रे बाबा. गळा एकच आहे."

"पाय गेलाय मास्तर, हात शाबूत आहे."

एक गाल झाला. वस्तरा गळ्याशी आला आणि न्हाव्याचा पाय थरथरायला लागला. नवा नव्हे, चांगला धडधाकट उजवा! सगळा भार त्या बिचाऱ्यावरच टाकायची खोड लागली होती. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज ओरडायची, "काका, नव्या पायाला पाहुण्यासारखं काय वागवता? कामाला लावा त्याला!"

त्याने वस्तरा वर उचलला. बाकावर कुणी श्वासही घेईना. बायको अर्धवट उठली. त्याने डोळ्यांनीच तिला बसवलं.

मग जिवाचा हिय्या करून त्याने भार नव्या पायावर टाकला. पाय ढिम्म हलला नाही. वस्तरा पुन्हा गळ्यावर टेकला आणि खालून वर, हनुवटीपर्यंत, अलगद गेला.

"मास्तर, मान जरा इकडे करा."

मान होती तिथेच राहिली.

"अहो मास्तर?"

मास्तरांचे हात कधीच मांडीवर घसरले होते. तोंड उघडं पडलं होतं आणि घोरणं सुरू झालं होतं.

न्हाव्याला भरून आलं. वस्तऱ्याखाली माणसाला झोप लागली, याहून त्याला आणखी काय हवं होतं!

"उठवू का त्यांना?" बायकोने हळूच विचारलं.

"नको गं. झोपू दे."

"मग तुम्ही तरी टेका जरा."

"दाढी अर्धी टाकून?" तो हसला, आणि खुर्चीला वळसा घालून दुसऱ्या गालाकडे चालत गेला.