तीन सह्या

दुपारी अडीच वाजता बॉयलरचा काटा नवावर होता. लाल रेघ दहावर.

दर अर्ध्या तासाची नोंद तिघांनी करायची, असा कारखान्याचा नियम होता. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची चुकू नये म्हणून. आकडा मोठ्याने सांगायचा, वयाने मोठा असेल त्याने आधी.

बॉयलर सांभाळणारे काका स्टुलावरून न उठताच म्हणाले, "सात."

"सात," फोरमन म्हणाला.

तिसरी, परवाच पॅकिंगमधून बदलून आलेली बाई, काट्याच्या अगदी समोर उभी होती.

"दादा, मला नऊ दिसतंय."

फोरमन हसला. "नव्या माणसाला नऊच दिसतं. काका, हिला चहा पाजा, काटा आपोआप खाली येईल."

"एकवीस वर्षं बघतोय मी हा काटा," काका म्हणाले. "दोघांना सात, एकीला नऊ. आता तूच सांग बाई, डोळे कुणाचे तपासायचे?"

तिने पुन्हा पाहिलं. नऊच. मग काकांकडे पाहिलं, फोरमनकडे पाहिलं. तिसऱ्यांदा काट्याकडे वळली तेव्हा तो नेमका कुठे आहे, हे तिला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. तिने सही केली.

पेन ठेवताना टेबलावर काकांचा चष्मा दिसला. एक काच निखळलेली, कागदात गुंडाळून शेजारी ठेवलेली. फोरमनचे डोळे चांगले होते. पण 'सात' म्हणताना तो काट्याकडे नाही, काकांकडे बघत होता. हे तिला आत्ता आठवलं.

भिंतीपलीकडे इस्त्रीच्या टेबलांवर बावीस जणी होत्या. त्यांत तिची धाकटी बहीण. तिने दारातून हाक मारली.

"बाहेर ये. आत्ताच्या आत्ता. काटा वर गेलाय."

"नोंद किती झाली?"

"सात."

"सही कुणाकुणाची?"

"दोघांची. आणि माझी."

बहिणीने आजूबाजूला पाहिलं. एकीनेही मान वर केली नव्हती. "कमाल आहे ताई तुझी," ती म्हणाली, आणि पुढचा शर्ट टेबलावर पसरला.

अडीचच्या नोंदीत सात हा आकडा आहे. खाली तीन सह्या आहेत, तिसरी जरा तिरकी. पुढची नोंद तीनची. तो रकाना कोरा आहे.