पहिलं अंजीर गिरिजाचं

तिसरं अंजीर गळालं तेव्हा कुमुदला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

"हे बघ, हेही गेलं." वसंतरावांनी ते हिरवं, टणक फळ ओट्यावर ठेवलं. देठाशी पांढरा ठिपका सुकला होता. "या शारजाच्या उन्हाला काही धरबंधच नाही."

"जाऊ दे हो. झाड जगलं हेच खूप," कुमुद म्हणाली आणि तिने अंजीर कचऱ्यात टाकलं.

झाड साधंसुधं नव्हतं. वसंतरावांचं गाव दिवे, पुरंदरच्या अंजिरांचं. भावाच्या बागेतली फांदी त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून, कपड्यांमध्ये दडवून विमानातून आणली होती. शारजाच्या रोल्ला भागातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत, कापलेल्या निळ्या पिंपात ती लावली. दुकानातून आले की आधी झाडाला पाणी, मग स्वतःला चहा. कुमुद म्हणायची, माझी सवत आणून ठेवलीय.

गेल्या वर्षी एकच फळ पिकलं. वसंतरावांनी त्याच्या चार फोडी केल्या. लेक गिरिजा आणि जावई दर्शन मुद्दाम अल-ऐनहून आले होते. गिरिजाने डोळे मिटून आपली फोड खाल्ली. बराच वेळ तोंडात घोळवली, सालसुद्धा सोडली नाही.

"बाबा, अगदी काकांच्या बागेतलं! पुढच्या वर्षी पहिलं अख्खं माझं हं."

"अख्खं तुझं. मी स्वतः येऊन तुझ्या हातावर ठेवीन."

आणि मग, लग्नाला सात वर्षं झाल्यावर, गिरिजाला दिवस गेले. वसंतराव तर वेडेच झाले. पोरीला डोहाळे अंजिराचेच लागणार, असं दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले.

मार्चमध्ये त्यांची बायपास झाली. त्याच आठवड्यात गिरिजाचं बाळ पोटातच गेलं. दर्शनचा फोन आला तेव्हा कुमुद हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये होती. रडायलासुद्धा तिला बाथरूममध्ये जावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, निदान तीन-चार महिने यांना कसलाही धक्का नको.

तिथून खोटं सुरू झालं. गिरिजाला कम्प्लीट बेडरेस्ट सांगितलीय, प्रवास बंद. फोनवर ती म्हणायची, "मी मजेत आहे, बाबा." थोड्या वेळाने दर्शन वेगळा फोन करून सांगायचा, "आई, ती भिंतीकडे तोंड करून पडलीय."

वसंतरावांनी एकदा डोहाळजेवणाचा विषय काढला होता. हिरवी साडी कुठून घ्यायची, तेही ठरवलं होतं. मग पुन्हा काही बोलले नाहीत. कितवा महिना, हेही विचारेनासे झाले. इतक्या गोळ्यांनी माणूस विसरभोळा व्हायचाच, असं कुमुदने मनाशी धरलं. बरंच झालं म्हणायचं.

पण अंजीर ते विसरले नव्हते. पहिलं फळ पिकणार, ते घेऊन हे अल-ऐनला जाणार, आणि गिरिजा दार उघडणार. सपाट पोटाने. पुढचं कुमुदला मनात आणवत नसे.

म्हणून फळ गळलं की तिला देव पावल्यासारखं वाटे. शेजारची कुबरा समजूत घालायची, "गर्मी बहुत है, भाभी. अगले साल देखना, इन्शाल्ला." कुमुद मान डोलवायची.

वसंतरावांच्या उजव्या हाताची बोटं मात्र लाल होऊन सोलवटली होती.

"गोळ्यांची उष्णता बाहेर पडतेय," ते म्हणत. कुमुद रोज खोबरेल लावून द्यायची.

शेवटी झाडावर एकच अंजीर उरलं. आणि ते काही केल्या गळेना. चांगलं फुगलं.

"शुक्रवारपर्यंत पिकून मान टाकेल," वसंतराव झाडाकडे बघत म्हणाले. "दर्शनला कळव, आपण येतोय."

दर्शन फोनवर गडबडलाच. "आई, प्लीज, काहीतरी कारण काढा. बाबांना समोर बघितलं की खलास, गिरिजा कोसळेल."

"दर्शनराव, किती कारणं काढू हो मी?" कुमुद रडकुंडीला आली होती. "बघते काहीतरी."

दुपारी वसंतराव आडवे झाले तशी ती बाल्कनीत गेली. ऊन मी म्हणत होतं. अंजीर मुठीत धरलं, तर कोमट लागलं. इतकं जपून वाढवलेलं, अगदी दारात आलेलं, आणि आपल्याच हाताने खुडायचं. तिला हुंदका आवरेना. तोंडात पदर कोंबून तिने फळ पिरगळलं. ते सहज सुटलं नाही. सुटलं तसा देठातून दुधासारखा चीक आला आणि बोटांवरून ओघळला.

"माफ कर गं," ती म्हणाली. गिरिजाला की झाडाला, तिचं तिलाच कळलं नाही. पदराला हात पुसून तिने अंजीर पिंपाखाली टाकलं, आपोआप पडल्यासारखं.

संध्याकाळी वसंतराव ते घेऊन आत आले. देठाकडे बघत जरा वेळ उभे राहिले.

"गेलं," एवढंच म्हणाले.

"ऊनच तसं आहे हो."

"हं. ऊनच."

त्यांनी ते अंजीर स्वतःच कचऱ्यात टाकलं. अल-ऐनचं नाव काढलं नाही. कुमुदने दर्शनला फोन करून सांगितलं, सुटलो बाबा एकदाचे. सांगताना तिला आपल्याच आवाजाची किळस आली.

शुक्रवारी सकाळी पोळ्या करताना तिला लाटणं धरवेना. अंगठा आणि शेजारची दोन बोटं लालबुंद झाली होती, वर बारीक फोड उठले होते. आग आग होत होती. तिने हात पदराखाली घेतला, पण वसंतरावांनी बघितलं होतं.

ते उठले. कपाटातून खोबरेलची बाटली आणली आणि तिचा हात आपल्या सोलवटलेल्या हातात घेतला. एकेका बोटाला हलकेच तेल लावत राहिले.

"हेही मीच तोडणार होतो गं," ते म्हणाले. "तुझ्या हाताला चीक सोसत नाही."