रस्त्याकडचं दार

मुलांनो, बुटांचा एक रिकामा खोका डोळ्यांसमोर आणा. आखातातल्या अल मजाज भागातल्या फ्लॅटमध्ये सहावीतली पर्णिका त्या खोक्यातून शाळेसाठी प्राचीन ग्रीसमधलं घर बनवत होती, आणि तिची आई, सविता, पुठ्ठ्याच्या भिंतींना डिंक लावून देत होती.

"आई, बायकांच्या खोलीला रस्त्याकडे दार नसायचं. बाहेर जायचं तर नवऱ्याला विचारायचं. पुअर थिंग्ज!"

"बिचाऱ्या गं," सविता हसली.

तेवढ्यात चिपळूणहून मामाचा फोन आला. "आईचं काही खरं नाही, सविता. सारखं तुझंच नाव घेतेय. मिळेल त्या विमानाने नीघ."

सविताने लगेच नवऱ्याला फोन लावला, कारण तिचा पासपोर्ट त्याच्या ऑफिसातल्या कपाटात असायचा. बाबांचा आवाज पर्णिकेलाही स्पष्ट ऐकू आला.

"आत्ता? इथे घराचं कोण बघणार? पुढच्या महिन्यात बघू. खलास, विषय संपला."

"बरं," म्हणत सविताने रिसीव्हर ठेवला आणि पुन्हा डिंकाची बाटली उचलली. झाकण काही तिला उघडेना.

 

पर्णिकेने कात्री घेतली आणि, मार्क जाणार हे ठाऊक असूनही, बायकांच्या खोलीला रस्त्याकडे एक दार कापलं.